सनद कोणाच्या हातात? विनयचंद्र मिश्र प्रकरणाचा अभ्यास

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठापुढे ९ मार्च १९९४ रोजी जे प्रकरण पुकारले गेले, ते तसे रोजच्या कामातले होते. एका कर्जदार कंपनीचा उत्तर प्रदेश वित्तीय महामंडळाशी वाद होता, खालच्या न्यायालयाच्या हुकुमाविरुद्ध कंपनीने अपील केले होते आणि ते अजून ‘ॲडमिशन’ला होते, म्हणजे अपील दाखल करून घ्यायचे की नाही एवढेच त्या दिवशी ठरायचे होते. खंडपीठावरचे कनिष्ठ न्यायमूर्ती एस. के. केशोटे यांनी कंपनीच्या वकिलांना विचारले, की खालच्या न्यायालयाने हा हुकूम कायद्यातल्या कोणत्या तरतुदीखाली दिला आहे. प्रश्न साधा होता आणि कोणत्याही वकिलाला तो दिवसातून दोन-चार वेळा ऐकावा लागतो. या प्रश्नावरून जे घडले, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला पुढच्या चार वर्षांत आधी एक शिक्षा द्यावी लागली आणि मग तीच शिक्षा देण्याचा अधिकार आपल्याला नव्हता असे स्वतःच सांगावे लागले.

कंपनीतर्फे उभे होते ज्येष्ठ वकील विनयचंद्र मिश्र. ते अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या वकील संघाचे अध्यक्ष होते आणि त्याच वेळी भारतीय बार कौन्सिलचेही अध्यक्ष होते. या प्रकरणाची सगळी कायदेशीर अडचण या दुसऱ्या पदाशी बांधलेली आहे. देशातल्या वकिलांच्या वर्तनाचे नियम ठरवणारी आणि राज्य बार कौन्सिलांच्या शिस्तपालन समित्यांच्या निकालांवर अपील ऐकणारी संस्था म्हणजे भारतीय बार कौन्सिल, आणि ज्यांच्या वर्तनाबद्दल तक्रार होती तेच तिचे प्रमुख होते.

न्यायमूर्ती केशोटे यांनी दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या प्रभारी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. ते पत्र पुढे निकालात उतरवले गेल्यामुळे आज कोणालाही वाचता येते. पत्रातले इंग्रजी घाईचे आणि थोडे ओबडधोबड आहे, आणि लिहिणाऱ्याचा राग अजून उतरलेला नाही हे ओळीओळीत जाणवते. मिश्र ओरडू लागले. आपल्याला असा प्रश्न विचारताच येणार नाही असे म्हणाले. तुमची बदली करवीन किंवा संसदेत तुमच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रस्ताव आणवीन अशी धमकी त्यांनी दिली. आपण अनेक न्यायाधीशांना वठणीवर आणले आहे असेही सुनावले. आईबहिणीवरून शिव्या देणे तेवढे बाकी ठेवले, एरवी अपमानात काही कमी केले नाही, असे न्यायमूर्तींनी लिहिले आहे. ॲडमिशनच्या टप्प्यावर युक्तिवाद ऐकायचा नसतो, अपील आपोआप दाखल होते, ही या न्यायालयाची रीत आहे आणि ती तुम्ही पाळा, असा मिश्रांच्या बोलण्याचा रोख होता, अशी न्यायमूर्तींची समजूत झाली. पत्राच्या शेवटी न्यायमूर्तींनी विचारले आहे, की वकिलांच्या सर्वोच्च संस्थेचा अध्यक्षच असा वागला तर बाकीच्या वकिलांचे काय.

मिश्रांची हकीकत वेगळी होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आवाज चढला तो न्यायमूर्तींचा. ज्या भागाविरुद्ध अपीलच केलेले नव्हते तोही भाग रद्द करून सगळा हुकूमच उडवून लावण्याची भाषा न्यायमूर्तींनी केली, आणि न ऐकता असे करण्याची या न्यायालयाची प्रथा नाही एवढेच आपण सांगितले. धमकीचे शब्द त्यांनी साफ नाकारले. न्यायालयात हजर नसलेल्या वाचकापुढे अशा प्रकारे एकाच प्रसंगाच्या दोन हकीकती उभ्या राहतात, आणि त्यांतली खरी कोणती हे ठरवण्याचा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग म्हणजे साक्षीदाराला पिंजऱ्यात बोलावून त्याची उलटतपासणी घेणे. या प्रकरणात ती झाली नाही.

प्रभारी मुख्य न्यायमूर्तींनी ते पत्र दिल्लीला पाठवले आणि एप्रिल १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रांना फौजदारी अवमानाची नोटीस काढली. मिश्रांनी आधी आरोप नाकारले, उलट न्यायमूर्तींच्याच वागण्याला आक्षेप घेतला आणि न्यायमूर्तींना प्रश्न विचारण्याची संधी मागितली. न्यायालयाने ती दिली नाही. न्यायालयासमोर घडलेल्या अवमानाची चौकशी संक्षिप्त पद्धतीने होते, ती न्यायालय आणि अवमान करणारा यांच्यातली बाब असते आणि त्यात न्यायमूर्ती हा साक्षीदार नसतो, ही त्यामागची भूमिका. अवमानाच्या कायद्यात ही भूमिका जुनी आणि मान्य आहे, आणि न्यायमूर्तींना रोज उलटतपासणीला उभे करता येऊ लागले तर न्यायदान चालणार नाही हेही खरे. पुढे मिश्रांनी बिनशर्त माफी मागितली. ती मनापासूनची नाही, तिच्यात कृत्याची मोकळी कबुली नाही, असे म्हणून न्यायालयाने ती स्वीकारली नाही.

निकाल १० मार्च १९९५ रोजी लागला. पीठावर न्यायमूर्ती कुलदीप सिंग, जे. एस. वर्मा आणि पी. बी. सावंत होते, आणि निकालपत्र सावंतांनी लिहिले. हे सावंत म्हणजे मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहून सार्वजनिक चळवळींत वावरलेले न्यायमूर्ती सावंत. शिक्षेचे दोन भाग होते. पहिला भाग सहा आठवड्यांच्या साध्या कैदेचा होता, पण ती कैद चार वर्षे स्थगित ठेवली होती आणि त्या काळात पुन्हा अवमानाचा दोष सिद्ध झाला तरच ती भोगावी लागणार होती. दुसऱ्या भागाने मिश्रांची वकिली तीन वर्षांसाठी थांबवली आणि वकील म्हणून ते ज्या ज्या निवडून आलेल्या वा नेमलेल्या पदांवर होते ती सगळी पदे तत्काळ रिकामी झाल्याचे जाहीर केले. म्हणजे बार कौन्सिलचे अध्यक्षपदही गेले.

पहिल्या भागाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. गदारोळ झाला तो दुसऱ्या भागावरून, कारण एखाद्या वकिलाची सनद काढून घेण्याचे काम अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने वेगळ्याच जागी ठेवलेले आहे.

ती जागा कशी ठरली ते थोडे मागे जाऊन पाहावे लागते. १९२६ च्या भारतीय बार कौन्सिल कायद्याखाली वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी बार कौन्सिलचे न्यायाधिकरण करी, पण शेवटचा हुकूम उच्च न्यायालयाचा असे. त्याआधी तर सगळाच अधिकार न्यायालयाकडे होता. तो अधिकार कसा वापरला जाऊ शकतो याचे एक उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातलेच आहे. रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या अहमदाबादच्या वकिलांविरुद्ध तिथल्या जिल्हा न्यायाधीशांनी १९१९ मध्ये उच्च न्यायालयाला लिहिले आणि उच्च न्यायालयाने त्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई चालवली. जिल्हा न्यायाधीशांचे ते पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल गांधीजींवर अवमानाचा वेगळा खटला झाला. न्यायालयाला न आवडणारी बाजू मांडणाऱ्या वकिलाची भाकरी त्याच न्यायालयाच्या हातात नसावी, ही १९६१ च्या कायद्यामागची एक भावना होती, आणि ती हवेतून आलेली नव्हती.

नव्या कायद्याने चौकशी आणि शिक्षा दोन्ही वकिलांच्या निवडून आलेल्या संस्थेकडे दिली. कलम ३५ खाली तक्रार राज्य बार कौन्सिलकडे येते, किंवा कौन्सिल स्वतःहूनही दखल घेते. गैरवर्तन झाले असे मानायला कारण दिसले तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. वकिलाला आणि राज्याच्या महाधिवक्त्याला, म्हणजे राज्य सरकारच्या प्रमुख वकिलाला, नोटीस निघते. साक्षीपुरावा होतो आणि साक्षीदार बोलावण्याबाबत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ त्याची वकिली थांबवू शकते किंवा पटावरून त्याचे नाव कायमचे काढू शकते. त्यावर साठ दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे कलम ३७ चे अपील आणि मग पुन्हा साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे कलम ३८ चे अपील. न्यायालयाचे स्थान या साखळीच्या शेवटच्या कडीला आहे, पण ती कडी बळकट आहे, कारण कलम ३८ खाली न्यायालय शिक्षा कमी करू शकते, वाढवू शकते, योग्य वाटेल तो हुकूम देऊ शकते. मात्र वाढवायची असेल तर वकिलाचे म्हणणे आधी ऐकावे लागते.

१९९५ च्या पीठाला ही साखळी ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. बार कौन्सिलचा शिस्तीचा अधिकार वेगळा आणि न्यायालयाचा अवमानाचा अधिकार वेगळा, दोन्ही एकमेकांना बाधा न आणता स्वतंत्रपणे नांदतात, असा सावंतांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालय हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १२९ प्रमाणे अभिलेख न्यायालय (‘कोर्ट ऑफ रेकॉर्ड’, म्हणजे स्वतःच्या अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अंगभूत अधिकार असलेले न्यायालय) आहे, त्याचा अवमानाचा अधिकार संसदेच्या कायद्यातून आलेला नाही, आणि अनुच्छेद १४२ खाली पूर्ण न्याय करण्यासाठी लागणारा कोणताही हुकूम त्याला देता येतो, म्हणून वकिली थांबवण्याचाही देता येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या युक्तिवादात एक व्यावहारिक ओढ आहे, ती मला समजते. मिश्रांची तक्रार कायद्याप्रमाणे बार कौन्सिलकडे पाठवली असती, तर राज्याच्या समितीने एखाद्या वेळी काही केले असते, पण अपील गेले असते ते मिश्र ज्या संस्थेचे अध्यक्ष होते तिच्याकडेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी स्थिती असताना न्यायालयाला थांबावेसे वाटले नाही.

निकालाला पंधरवडाही झाला नव्हता तोच सर्वोच्च न्यायालय बार असोसिएशनने अनुच्छेद ३२ खाली रिट अर्ज केला. अर्जदार मिश्र नव्हते, वकिलांची संघटना होती, आणि मागणीही मिश्रांना निर्दोष ठरवण्याची नव्हती. वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी करून त्याची वकिली थांबवण्याचा अधिकार फक्त बार कौन्सिलांच्या शिस्तपालन समित्यांना आहे असे जाहीर करावे, एवढेच मागणे होते. प्रश्न घटनापीठाकडे गेला. न्यायमूर्ती एस. सी. अग्रवाल, जी. एन. रे, ए. एस. आनंद, एस. पी. भरुचा आणि एस. राजेंद्र बाबू यांच्या या पाच जणांच्या पीठाने १७ एप्रिल १९९८ रोजी निकाल दिला आणि तो आनंदांनी लिहिला.

या निकालाचा गाभा अनुच्छेद १४२ च्या मर्यादेत आहे. पूर्ण न्यायासाठी दिलेला अधिकार कायद्याला पूरक म्हणून वापरायचा असतो. कायद्याची जागाच त्याने घ्यायची नसते. कायद्याने एखाद्या प्रश्नासाठी पूर्ण यंत्रणा उभी केली असेल, तर तिला वळसा घालून नवी इमारत बांधायला हा अनुच्छेद नाही. अवमानासाठी मान्य शिक्षा दोनच, साधी कैद आणि दंड. न्यायालयांचा अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम १२ मध्ये त्यांची कमाल मर्यादा सहा महिने आणि दोन हजार रुपये अशी आहे. व्यावसायिकाचा परवाना काढून घेणे ही अवमानाची शिक्षा कधीच नव्हती. हे सांगताना आनंदांनी वकिलाबरोबर डॉक्टर आणि चार्टर्ड अकाउंटंट यांचीही नावे घेतली आहेत, आणि ते उदाहरण फार नेमके आहे. न्यायालयाचा अवमान एखाद्या डॉक्टरने केला तर न्यायालय त्याला तुरुंगात पाठवील, पण त्याला दवाखाना तीन वर्षे बंद ठेवायला सांगेल का? तसे कोणाच्या मनातही येणार नाही. वकिलाच्या बाबतीत ते सहज सुचले, याचे कारण वकील न्यायालयाच्या डोळ्यांसमोर असतो.

दुसरा मुद्दा पद्धतीचा आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एकाच कृत्यातून अवमानही घडू शकतो आणि व्यावसायिक गैरवर्तनही, पण दोहोंची चौकशी वेगळ्या रीतीने होते. अवमानात न्यायालय संक्षिप्त पद्धत वापरते, आणि न्यायमूर्तींची उलटतपासणी नाकारणे तिथे चालून जाते, कारण शिक्षेची मर्यादा ठरलेली असते. गैरवर्तनाच्या चौकशीत आरोप निश्चित होतो, पुरावा येतो, उलटतपासणी होते, आणि निकालावर दोन अपिले मिळतात, त्यांपैकी शेवटचे सर्वोच्च न्यायालयात. १९९५ च्या हुकुमाने संक्षिप्त पद्धतीवर लांब पल्ल्याची शिक्षा दिली आणि अपिलाचा रस्ताही बंद केला, कारण सर्वोच्च न्यायालयानेच पहिल्या पायरीवर शिक्षा दिली तर तिच्यावर अपील कोठे करायचे? मिश्र कसे वागले याबद्दल ज्यांच्या मनात काडीची शंका नाही, त्यांनीही हा प्रश्न मिश्रांचे नाव बाजूला ठेवून वाचावा. ब्रिटिश वसाहतींसाठी लंडनमध्ये असलेले शेवटचे अपील न्यायालय म्हणजे प्रिव्ही कौन्सिल; तिने १८६६ साली आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातल्या एका वकिलाच्या प्रकरणात असाच धागा धरला होता. त्या वकिलाने स्वतःच्या दाव्यात पक्षकार म्हणून मुख्य न्यायमूर्तींना उद्धट पत्र लिहिले आणि तिथल्या न्यायालयाने त्याची वकिली थांबवली; कृत्य पक्षकाराचे आणि शिक्षा वकिलाला, हे बरोबर नाही, असे म्हणून प्रिव्ही कौन्सिलने तो हुकूम उठवला.

घटनापीठाने वकिली थांबवण्याचा भाग रद्द केला. अवमान झाला हा मूळ निष्कर्ष मात्र या अर्जात वादाचा विषयच नव्हता. तारखा शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट चटकन दिसते. १० मार्च १९९५ पासून मोजलेली तीन वर्षे १९९८ च्या मार्चमध्ये भरतात, आणि त्या शिक्षेचा अधिकार नव्हता असे सांगणारा निकाल एप्रिलचा आहे. निकालाचा उपयोग त्यामुळे मिश्रांपेक्षा पुढच्या वकिलांना झाला.

वकिलांच्या बार रूममध्ये हा निकाल आपला विजय म्हणून सांगितला जातो. निकालाचा शेवटचा भाग वाचला की तो आनंद थोडा ओसरतो. तिथे न्यायालयाने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. अवमानाचा दोष धुऊन निघेपर्यंत त्या वकिलाला आपल्यासमोर उभे राहू न देणे न्यायालयाच्या हातात आहे, कारण न्यायालयात उभे राहणे आणि सनद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात पक्षकारातर्फे प्रकरण दाखल करू शकणारा नोंदणीकृत वकील, ही सवलत सर्वोच्च न्यायालयाचीच असल्याने ती काढूनही घेता येते. दुसरी वाट अशी, की न्यायालयाने एखादे प्रकरण बार कौन्सिलकडे पाठवले आणि तिने काहीच केले नाही, तर सर्वोच्च न्यायालय कलम ३८ च्या अपिलीय अधिकारात कागदपत्रे मागवून स्वतःहून योग्य तो हुकूम देऊ शकेल.

ही दुसरी वाट कायद्याच्या दृष्टीने अवघड आहे. कलम ३८ अपिलाचे आहे, आणि अपिलाला आधी एक निकाल लागतो आणि त्याने दुखावलेला कोणीतरी लागतो. ‘दुखावलेला’ कोण, या एका शब्दावर सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी किती काथ्याकूट केला आहे, ते महाराष्ट्रातल्या दोन प्रकरणांत दिसते. मुंबईच्या एका वकिलाला लंडनमध्ये दुकानातल्या वस्तू चोरल्याबद्दल दंड झाला होता. राज्य बार कौन्सिलने ते गैरवर्तन मानले नाही. तेव्हाचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांनी अपील केले, पण १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की महाधिवक्ता हा दुखावलेला पक्षच नव्हे. संसदेला १९७३ मध्ये कायदा दुरुस्त करून महाधिवक्त्याचे नाव त्यात घालावे लागले. मग आले एम. व्ही. दाभोलकर या वकिलाचे आणि त्यांच्यासारख्या काही वकिलांचे प्रकरण. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात येणाऱ्या पक्षकाराला गाठण्यासाठी काही वकील धावत, एकमेकांच्या हातातून कागद ओढत, फी पाडत, प्रसंगी मारामारीही करत, अशी ती तक्रार होती. राज्य बार कौन्सिलच्या समितीने त्यांची वकिली तीन वर्षे थांबवली आणि भारतीय बार कौन्सिलने त्यांना सोडून दिले, तेव्हा राज्य कौन्सिलच सर्वोच्च न्यायालयात गेली. चौकशी करणारी संस्था स्वतः दुखावलेला पक्ष होऊ शकते का, यासाठी १९७५ मध्ये सात न्यायमूर्ती बसले आणि त्यांनी होकार दिला, कारण राज्य कौन्सिल ही व्यवसायाच्या शिस्तीची राखणदार आहे आणि त्या शिस्तीत जनतेचाही वाटा आहे. अपील करायला कोण पात्र यासाठी सात न्यायमूर्ती बसतात, आणि १९९८ चा निकाल अपीलकर्त्याशिवाय, किंबहुना खालच्या निकालाशिवायही, अपिलीय अधिकार चालेल असे ओघात सांगून जातो. घटनापीठाने पुढच्या दाराला कुलूप लावले आणि मागचे दार किलकिले ठेवले, असे मला त्या परिच्छेदांबद्दल वाटते.

त्या दाराने कोणी गेले का? गेले, पण अठरा वर्षांनी. मधल्या काळात पहिल्या वाटेचा वापर जास्त झाला. केरळमधल्या एका वकिलाच्या प्रकरणात २००१ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की दंड भरला म्हणजे अवमान धुऊन निघाला असे नाही, न्यायालयाचे समाधान होईल अशी माफी मागावी लागते आणि तोवर न्यायालयात उभे राहता येत नाही. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू अपघात खटल्यात साक्षीदाराला फोडण्याचा प्रयत्न छुप्या कॅमेऱ्यात सापडल्यावर उच्च न्यायालयाने आरोपीचे वकील आर. के. आनंद यांना चार महिने न्यायालयात उभे राहण्यास बंदी केली, ती २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली आणि अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३४ खाली उच्च न्यायालयांनी याबाबतचे नियम करावेत असे सांगितले. या सगळ्यांत सनदेला हात लावलेला नाही, दरवाजा तेवढा बंद केला आहे. ज्याची सगळी वकिली एकाच न्यायालयात चालते त्याला हा फरक किती जाणवेल, हा प्रश्न उरतोच.

सनदेलाच हात लागला तो ५ जुलै २०१६ रोजी, महिपाल सिंग राणा प्रकरणात. उत्तर प्रदेशातल्या एटा इथे एका दिवाणी न्यायाधीशांना धमकावल्याबद्दल या वकिलाला अलाहाबाद उच्च न्यायालयाने अवमानाचा दोषी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने वय पाहून कैदेची शिक्षा काढली, दोष धुऊन निघेपर्यंत एटा जिल्ह्यातल्या न्यायालयांत उभे राहण्यास केलेली मनाई कायम ठेवली, दोषी ठरलेल्याला वकिलीस अपात्र धरणाऱ्या कलम २४ (अ) खाली दोन वर्षे सनद निलंबित धरली आणि शिवाय शिस्तीचा उपाय म्हणून आणखी पाच वर्षे सनद निलंबित केली. हा शेवटचा भाग १९९८ च्या त्या परिच्छेदांच्या आधारेच उभा राहिला. बार कौन्सिलने आपले काम केले नाही तर न्यायालय कलम ३८ खाली ते करील, हे सूचनेच्या रूपात असलेले वाक्य प्रत्यक्ष हुकुमात उतरले. पाच वर्षे म्हणजे मिश्रांना दिलेल्या तीन वर्षांपेक्षा जास्त. पद्धतीबद्दल घटनापीठाने जे म्हटले होते, त्यातल्या किती गोष्टी या वकिलाच्या वाट्याला आल्या, हे त्या निकालातून मला समाधानकारक दिसत नाही.

त्याच निकालात न्यायालयाने विधी आयोगाला कायद्याचा फेरविचार करायला सांगितले, आणि मार्च २०१७ मध्ये आयोगाचा २६६ वा अहवाल आला. तो कायद्यात उतरला नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिवक्ता अधिनियमातील दुरुस्त्यांचा वेगळा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला आणि देशभर वकिलांनी काम बंद ठेवल्यावर त्याच महिन्यात मागे घेतला.

दरम्यान बार कौन्सिलांकडच्या तक्रारींचे भिजत घोंगडे तसेच आहे. राज्य समितीने तक्रार एका वर्षात निकाली काढावी, नाहीतर ती आपोआप भारतीय बार कौन्सिलकडे जाते, असे कलम ३६ (ब) सांगते. विलंबावर उपाय म्हणून आणलेल्या या तरतुदीने काम फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की राज्यांनी वर्षाच्या आत निकाल द्यावेत, तक्रारी मुदत संपवून पुढे ढकलू नयेत, आणि भारतीय बार कौन्सिलनेही तिच्याकडे आलेल्या तक्रारी वर्षभरात संपवाव्यात. १९९८ च्या निकालाने वकिलांना जी स्वायत्तता राखून दिली तिची किंमत हेच वेळेवरचे काम होते, आणि ते झाले असते तर २०१६ च्या पीठाला मागच्या दाराने यावे लागले नसते.

मूळ प्रश्न अलीकडे पुन्हा एकदा वर आला तो वकील प्रशांत भूषण यांच्या प्रकरणात. दोन ट्वीटबद्दल अवमानाचा दोषी ठरवल्यावर ३१ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांना एक रुपया दंड केला, आणि तो न भरल्यास तीन महिने साधी कैद आणि सर्वोच्च न्यायालयात तीन वर्षे वकिली करण्यास बंदी अशी शिक्षा ठेवली. बंदी ‘या न्यायालयात’ एवढीच असल्याने ती १९९८ च्या पहिल्या वाटेत बसते असे म्हणता येईल. पण ती वाट दोष धुऊन निघेपर्यंतची होती, मोजून दिलेल्या तीन वर्षांची नव्हती, आणि तीन वर्षांची ठरावीक मुदत हीच तर मिश्रांच्या हुकुमातली अडचण होती. भूषण यांनी १४ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यालयात एक रुपया जमा केला. त्यामुळे बंदीचा तो भाग अमलात आला नाही आणि त्यावर युक्तिवाद होण्याची वेळही आली नाही.